दुसऱ्या पथकाची माणसं

सुलक्षणाबाई पोंक्षे यांना जर्मन येतं हे कार्डिफमध्ये त्यांच्या नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शशिधररावही ते विसरत चालले होते. पुण्याला कॉलेजात असताना बाईंनी जर्मनच्या एकामागून एक परीक्षा दिल्या, एम.ए.ला नाव घातलं, आणि तेवढ्यात विलायतेत हॉस्पिटलात लागलेल्या डॉक्टरचं स्थळ सांगून आलं. लग्न झालं, त्या वेल्सला आल्या, वरदा झाली. वरदा शाळेत जायला लागल्यावर बाईंनी एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये नोकरी धरली ती रिटायर होईपर्यंत. एम.ए. राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण पुण्याहून कुणी पाहुणा आला आणि त्याच्या भाचीनं जर्मनमध्ये काय काय केलं ते सांगायला लागला, की बाई चहा टाकायला आत जात.

२००३च्या उन्हाळ्यात, रिटायर होऊन जेमतेम महिना झाला असेल, त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. दोन घरं पलीकडे राहणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे 'रे' म्हणत, आपल्या कुंपणाची झाडी कापत होते. मशीन अडकलं, आणि रेंनी त्या मशीनला, ते बनवणाऱ्याला आणि त्याच्या बापजाद्यांना अशा काही शिव्या हासडल्या की बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. शिव्या अस्सल जर्मन होत्या.

"बापजाद्यांनी काय केलंय हो तुमचं?" बाई जर्मनमध्येच बोलल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच नवल वाटलं.

झाडीवरून एक लालबुंद चेहरा वर आला.

रेंचं खरं नाव रायनहोल्ड केहरर. श्वाबियातल्या एका खेड्यातला माणूस. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत पकडला गेला, युद्धकैदी म्हणून वेल्समध्ये शेतावर कामाला लागला, त्या शेतकऱ्याच्या मेगन नावाच्या मुलीत जीव गुंतला आणि सुटका झाल्यावर घरी गेलाच नाही. मेगन वारून सहा वर्षं झाली होती. मुलं-नातवंडं इंग्रजी आणि वेल्श बोलायची. ऐंशी ओलांडलेल्या केहररसाहेबांशी त्यांच्या भाषेत बोलणारं कार्डिफात कुणी उरलं नव्हतं, शिव्या द्यायला मशीन तेवढं होतं.

त्यांनी बाईंना घरात बोलावलं आणि एक जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं. सोनेरी अक्षरांचं, पहिल्या महायुद्धानंतर छापलेलं. ज्या रिसाल्यात त्यांचे वडील कार्ल आणि काका गॉटलोब स्वार होते, त्या रिसाल्याचा तो इतिहास. उलानांचा रिसाला, म्हणजे भालेकरी स्वारांचा.

"सगळं वाचून काढा," केहरर म्हणाले. "माझ्या बापाचं नाव सापडायचं नाही. काकाचंही नाही. कर्नलच्या घोड्याचं नाव मात्र तीनदा आहे."

ते पुस्तक रिसाल्याच्या अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलं होतं. स्वारांचा त्यात नुसता आकडा. पण मूळ कागद शिल्लक होते. प्रशियाच्या फौजेचं दप्तर पॉट्सडामला होतं, ते १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. वुर्टेम्बर्गच्या राजाच्या फौजेचं दप्तर वेगळं, ते श्टुटगार्टमध्ये वाचलं. केहररनी वडिलांच्या पथकाचे, म्हणजे रिसाल्याच्या दुसऱ्या पथकाचे, हजेरीपट आणि रोजनामे यांच्या प्रती तिथून टपालानं मागवल्या होत्या. खोका येऊन वर्ष झालं होतं. डोळ्यांत पडदा चढत चालला होता, आणि जुनी हस्तलिपी त्यांना धड कधी येतच नव्हती.

"मला माझ्या नातवंडांसाठी या माणसांची नावं इंग्रजीत हवीयत," ते म्हणाले. "कोण होते, कुठले होते, पुढे काय झालं. बस. तुम्ही वाचून द्याल?"

"त्यात काय! देते की," बाई म्हणाल्या.

खोका घरी आणून त्यांनी पहिला कागद उलगडला, आणि त्यांना एक अक्षर लागेना. नुसते उभे तिरपे दात, करवतीसारखे. भाषा जर्मन, आणि तरी सगळा अंधार. दोन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "अहो, मला वाटलं होतं जर्मन येतं मला. कसलं येतंय!"

शशिधररावांनी कागद चष्म्याजवळ धरला. "ही त्यांची मोडी दिसते," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या हातची अशी पत्रं होती घरी. मराठीच, पण आम्हाला कुणाला वाचता यायची नाहीत."

मोडी म्हटल्याबरोबर बाईंना धीर आला. मोडी शिकता येते. म्हणजे हीही येणार. त्यांनी लायब्ररीतून मुळाक्षरांचा तक्ता मिळवला आणि शाळकरी पोरीसारखी पाटी गिरवायला घेतली. वाचता यायचं तर आधी लिहिता आलं पाहिजे, म्हणून त्या घरातलं सगळं त्याच लिपीत लिहू लागल्या. शशिधरराव सामानाची यादी घेऊन दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. "तुझ्या त्या कैसरला पाठव कोथिंबीर आणायला," म्हणाले. पण दिवाळीपर्यंत बाई हजेरीपट वाचायला लागल्या होत्या, आधी अडखळत, मग सरळ.

आणि वाचायला लागल्यावर एक गंमत झाली. लिहायचं इंग्रजीत होतं, पण जर्मन शब्द बघितला की आधी मराठीच शब्द पुढे यायचा. चंदी, वैरण, खोगीर, नालबंद, मोतद्दार. इंग्रजीत शब्दकोश उघडावा लागे, मराठीत नाही. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारी तो बारगीर; कार्ल आणि गॉटलोब केहरर हे बारगीरच की! त्या दिवसापासून ती परकी माणसं त्यांना परकी वाटेनाशी झाली.

मंडळाच्या गणपतीत त्यांच्या मैत्रिणीला, आशा गुप्त्यांना, हे कळलं तेव्हा आशा म्हणाली, "अगं, एवढा उत्साह आहे तर पेशवे दप्तर वाच ना! आपले स्वार काय कमी होते? ही जर्मनांची उसाभर तुला कशाला?"

"आपल्या स्वारांना वाचणारे आहेत गं," बाई म्हणाल्या. "यांना दोन घरं पलीकडचा एक म्हातारा सोडला तर कोण आहे?"

दर गुरुवारी त्या केहररकडे जात आणि त्या आठवड्यात वाचलेलं सांगत. एका गुरुवारी त्यांनी १९१७च्या शरदातलं पान नेलं. घोडदळाचा उपयोग संपला होता. पथकाचे सगळे घोडे तोफखान्याच्या गाड्यांना जुंपायला द्यायचे आणि स्वारांनी खंदकात उतरायचं, असा हुकूम आलेला. पथकाच्या कप्तानानं रोजनाम्यात घोड्यांची नावं लिहिली होती आणि नावापुढे स्वाराचं. कार्ल केहररचं नाव 'लीझल' नावाच्या घोडीपुढे होतं. पानाच्या शेवटी एकच ओळ: माणसं आज बोलत नाहीत.

केहररनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. "बाबा गावात दुसऱ्याच्या घोड्याजवळ थांबले की हलायचे नाहीत," ते म्हणाले. "आई ओरडायची. आम्ही हसायचो."

गॉटलोबची नोंद त्यांनी आधीच वाचून दाखवली होती. एप्रिल १९१५, लिथुएनियात टेहळणीला गेलेली तुकडी, आणि नावापुढे एक आखूड शब्द: 'गेफ.' गेफालन, म्हणजे रणात पडला. घरात नव्वद वर्षं त्या काकाचं काय झालं हे कुणाला माहीत नव्हतं. केहररनी त्या रविवारी आपल्या चॅपेलमध्ये गॉटलोबच्या नावानं प्रार्थना म्हणवून घेतली. बाईही गेल्या होत्या. परतताना म्हातारा म्हणाला, "सुटलो. बापाच्या वतीनं सुटलो."

दोन वर्षांत दुसऱ्या पथकाची यादी जवळजवळ पुरी झाली. केंब्रिजहून वरदा आली की ती कॉम्प्युटरवर बसवून देई. छापायचं तेवढं बाकी होतं.

आणि मग माटेउस त्सीगलर जिवंत झाला.

हा नालबंद. बाईंच्या यादीत तो जून १९१५मध्ये मेलेला होता, नावापुढे 'गेफ.' लिहिलेलं. श्टुटगार्टहून मागाहून आलेल्या एका गठ्ठ्यात रशियाच्या कैदेतून १९१८ साली परतलेल्यांची नावं होती, त्यात तोच त्सीगलर, तेच गाव, तीच जन्मतारीख. बाईंनी कागद बाजूला ठेवला, उठून भांडी विसळली, आणि पुन्हा येऊन बसल्या. नाव तेच होतं.

त्यांनी हजेरीपट पहिल्यापासून काढला आणि या वेळी शब्द न बघता अक्षराचं वळण बघितलं. मार्च १९१५मध्ये पथकाचा लेखनिक बदलला होता. पहिला लेखनिक 'गेफ.' फक्त मेलेल्यांना लिहायचा. दुसरा 'गेफालन'लाही तेच लिहायचा आणि 'गेफांगन'लाही. गेफांगन म्हणजे पकडला गेला. पडलेला आणि पकडलेला, दोघांना एकच आखूड शब्द. मार्चनंतरच्या ज्या ज्या माणसाला बाईंनी मारलं होतं, त्यातला कोण खरा मेला आणि कोण नाही, हे आता देवालाच ठाऊक. त्यात गॉटलोबही होता.

"आई, पण कुणाला कळणार आहे?" वरदा फोनवर म्हणाली. "दोन वर्षाचा काम आहे तुझा. एक नोट टाक ना खाली, की काही एन्ट्रीज अनसर्टन आहेत."

"तुला ग्विलिम डेव्हिस सांगितला होता का मी?" बाईंनी विचारलं.

वेल्समध्ये डेव्हिस आणि जोन्स यांना तोटा नाही. बाई नोकरीत नव्या असताना ग्विलिम डेव्हिस नावाच्या दोन पेशंटांच्या फायली कुणीतरी उलटसुलट केल्या. फुप्फुसातली गाठ एकाची, आणि सांगितलं दुसऱ्याला. तो गडी शर्यतीची कबुतरं पाळायचा. शनिवार-रविवारात त्यानं सगळी कबुतरं मित्रांना वाटून टाकली. सोमवारी चूक उघडकीला आली. मंगळवारी तो काउंटरवर आला, आणि त्यानं आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, "मग ती गाठ ज्याची आहे, त्याला सांगितलंत का?" त्या दुसऱ्याला सांगायला आणखी बरेच दिवस लागले होते. चूक बाईंची नव्हती. पण तो प्रश्न त्यांनाच विचारला गेला होता.

"मी पहिल्यापासून करणार," त्या वरदाला म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

पण आधी पलीकडे जायचं होतं. गुरुवार नव्हता, तरी त्या गेल्या. केहरर खिडकीशी रेडिओ ऐकत होते. बाईंनी जे झालं ते सरळ सांगितलं, त्सीगलरपासून गॉटलोबपर्यंत.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुमचा काका पडला की पकडला गेला, हे मला माहीत नाही. मी माहीत असल्यासारखं सांगितलं."

केहररनी रेडिओ बंद केला. "मी त्याला पुरलंय, मिसेस पोंक्षे. आता उकरू नका."

"मी त्याचा तपास करते ना. बाकीच्यांबरोबर त्याचाही."

"आणि नाही लागला तर? मी ब्याऐंशी... त्र्याऐंशी वर्षांचा आहे. मला पुन्हा वाट बघायला लावू नका. लिहा तिथे, पडला म्हणून. कुणाचं काय बिघडतं?"

"कागद तसं म्हणत नाही."

"कागद माझा आहे! पैसे भरून मागवलाय मी. काका माझा आहे!" म्हातारा ओरडला. "तुम्ही कोण लागता त्याच्या?"

त्या उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "तुमचा खोका उद्या परत देते. प्रती मी माझ्या मागवीन. पण खोटं मी लिहिणार नाही, केहररसाहेब. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

खोका त्यांनी खरोखरच परत केला. शशिधररावांनी तो उचलून नेला. मग बाईंनी श्टुटगार्टला स्वतःच्या नावानं पत्र घातलं.

यानंतरचं काम पहिल्याहून कठीण होतं. आता नुसतं वाचून भागणार नव्हतं, प्रत्येक माणसाला दुसऱ्या कुठल्यातरी कागदात गाठायचं होतं. कुणी इस्पितळाच्या नोंदीत, कुणी कैदेतून सुटलेल्यांत, कुणी गावच्या चर्चच्या लग्नांत. बाईंनी श्वाबियातल्या खेड्यापाड्यांना पत्रं लिहिली. पाळकांना, नगरपालिकांना, एकदा तर गावच्या फायर ब्रिगेडलासुद्धा, कारण गावातलं जुनं माहीत असणारा एकमेव माणूस तिथे आहे असं कळलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही की दुसरं पत्र जायचं, मग तिसरं. २००६च्या वसंतात त्या स्वतः श्टुटगार्टला जाऊन आल्या. इतक्या वर्षांत एकटीनं केलेला त्यांचा हा पहिला प्रवास. दप्तरखान्यातल्या एका कर्मचारी बाईंनी विचारलं, "तुमचे कुणी होते का या रिसाल्यात?" सुलक्षणाबाई म्हणाल्या, "आता आहेत."

आणि मेलेले उठायला लागले. एक जण १९१९ साली लग्न करून पाच मुलांचा बाप झालेला सापडला. एकानं खानावळ काढली होती. एक सैबेरियातून पायी, कधी गाडीनं, घरी पोचला तेव्हा त्याच्या नावानं चर्चमध्ये प्रार्थना होऊन गेलेली होती. एकेक सापडला की बाई स्वयंपाकघरातून हाक मारत, "अहो, आणखी एक उठला!" आणि शशिधरराव पेपरमागून म्हणत, "बसायला सांग त्याला." काहींचं मरण मात्र पक्कं झालं. ते लिहितानाही बाई तितक्याच सावकाश लिहीत.

गॉटलोब कुठेच मिळाला नाही. पडलेल्यांत नाही, परतलेल्यांत नाही, त्याच्या गावच्या दप्तरात नाही. त्याच्यासाठी त्यांनी सगळ्यांत जास्त पत्रं लिहिली होती.

केहररशी बोलणं बंद होतं ते होतंच. रस्त्यात समोर आले तर ते टोपीला हात लावत, तेवढंच. त्या शरदात एक दिवस बेल वाजली. दारात केहरर उभे, पांढऱ्या काठीसह, आणि काखेत तो खोका.

"हे तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. आत येऊन बसले. बाईंनी चहा दिला.

"आमच्या गावात पहिल्या युद्धानंतर दहा-बारा वर्षांनी दगड बसवला," ते म्हणाले. "मेलेल्या पोरांची नावं कोरून. पाळक आमच्या घरी आला, गॉटलोबचं नाव घालू या म्हणाला. आजी हो म्हणाली. माझ्या बापानं नाही म्हटलं. म्हणाला, मी त्याला पडताना बघितलं नाही, मी नाव घालू देणार नाही. आजी वर्षभर बोलली नाही त्याच्याशी." त्यांनी कप खाली ठेवला. "मी हे पार विसरलो होतो. किंवा आठवत नसल्याचं सोंग करत होतो. मला सुटायचं होतं ना."

"मला त्याचं काही सापडलं नाही, केहररसाहेब," बाई म्हणाल्या. "खूप शोधलं."

"मग तसंच लिहा."

बाईंनी तसंच लिहिलं. छापलेल्या पुस्तकात गॉटलोब केहररच्या नावाखाली आहे: एप्रिल १९१५, टेहळणीवर. पडला की पकडला गेला, हे शिल्लक कागदांवरून ठरत नाही. त्याच्या भावानं त्याचं नाव गावच्या दगडावर कोरू दिलं नाही.

पुस्तक २००७ साली निघालं, कार्डिफच्या एका छोट्या छापखान्यात, साधंसुधं, कापडी बांधणीचंही नाही. लायब्ररीच्या एका खोलीत लोक जमले. मंडळातली मंडळी, चॅपेलमधली मंडळी, केहररचं सारं कुटुंब. एक वेल्श गृहस्थ उठून म्हणाले, की माझे आजोबा जर्मनांच्या गोळीनं गेले; त्यांच्या पलटणीसाठी इतकं कुणी केलं नाही.

"कागद कुठे आहेत ते सांगा," बाई म्हणाल्या. "इंग्रजीच असतील ना? मग ते तुम्हीच वाचायचे. कसे वाचायचे ते मी दाखवीन."

गृहस्थ खाली बसले. ते पटून बसले की रागावून, ते कळलं नाही. नंतर चहाला ते थांबले नाहीत.

केहररना दिसत नव्हतं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि नात केरिसला सांगितलं, "वाच." तिनं नावं वाचायला घेतली. जर्मन नावं तिच्या तोंडी वेल्श होऊन येत होती, आणि म्हातारा प्रत्येक नावाला मान हलवत होता, जसा काही पथकाची हजेरी घेत होता. मध्ये कुणी बोलायला आलं तर ते हातानं थांबवत. शेवटचं नाव होईपर्यंत त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. चॅपेलमध्ये बाई कुटुंबाच्या बाकावर बसल्या होत्या. केरिसनं हाताला धरून नेलं होतं. शशिधरराव मागे होते. घरी आल्यावर बाईंनी ओव्हरकोट काढला, तोंड धुतलं आणि टेबलाशी जाऊन बसल्या. टेबलावर श्टुटगार्टहून आलेलं नवं पार्सल होतं, तिसऱ्या पथकाचं. त्यांनी सुतळी कापली.

शशिधरराव दारात उभे राहून बघत होते. "एका रिसाल्यात पथकं असतात तरी किती गं?" त्यांनी विचारलं.

"लढाईवर चार."

"म्हणजे अजून तीन."

"तीन," बाई म्हणाल्या, आणि लेखनिकाचं वळण बघायला पहिला कागद उजेडाकडे धरला.